डेल्मर टॉस्टरूडचा जास्तीचा भरणा

डेल्मर टॉस्टरूड स्वतःच्या कराचे कागद भरायला बसला की त्याची बायको आर्लिस स्वयंपाकघरातला रेडिओ बंद करायची. तसा काही नियम नव्हता, पण त्याचा चेहराच तसा व्हायचा. टेबल स्वच्छ पुसलेलं, कागद ओळीनं मांडलेले, पेन्सिलींना टोक केलेलं. खोडरबर मात्र नाही. खोडरबर जवळ ठेवायचं म्हणजे आपण चुकणार हे आधीच कबूल करायचं, असं त्याचं म्हणणं होतं.

आणि ते त्याला शोभायचंही. सगळी हयात त्यानं ट्रॅक्टरच्या दुकानात सुट्या भागांच्या काउंटरवर काढली. कुठल्या यंत्राला कुठला बोल्ट लागतो हे तो न बघता सांगायचा. तीच नजर त्यानं पुढे कराच्या कागदांना लावली. दर हिवाळ्यात हॅलिंग लेकच्या वाचनालयात टेबल मांडून तो लोकांचे कराचे कागद फुकट भरून द्यायचा. त्यानं भरलेला एकही कागद सरकारकडून आजवर परत आला नव्हता. ही गोष्ट तो स्वतःहून कधी सांगत नसे. कुणीतरी विचारेपर्यंत थांबायचा, फक्त फार वेळ थांबावं लागणार नाही अशी काळजी घ्यायचा.

मार्चमधल्या त्या सकाळी सगळं नेहमीप्रमाणे सुरळीत चाललं होतं. पेन्सिल खाली खाली सरकत आरोग्य बचत खात्याच्या रकान्याशी आली. या खात्यावर डेल्मरचा फार जीव. पैसे भरले तर त्यावर कर नाही, वाढले तर कर नाही, डॉक्टरला दिले तरी कर नाही. वर्षाला किती भरायचे याची मर्यादा तेवढी ठरलेली. नवं वर्ष उजाडलं की तो पूर्ण मर्यादेएवढा चेक एकदाच लिहून टाकायचा आणि दिवसभर खुशीत असायचा. आता नाताळात तो निवृत्त झाला होता, त्यामुळे गेल्या वर्षीच्या जानेवारीतला चेक हा त्याचा शेवटचाच.

"आर्लिस, माझं मेडिकेअरचं कार्ड कुठंय? तारीख लिहायचीय."

"फ्रिजवर, माशाच्या चुंबकाखाली. आलं तेव्हापासून तिथंच आहे."

डेल्मरनं कार्ड काढलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. "हे चुकलंय. यावर फेब्रुवारी लिहिलाय. मी अर्ज ऑगस्टमध्ये केला होता."

"चुकलेलं नाही," आर्लिस कॉफी ओतत म्हणाली. "पासष्टी उलटल्यावर पेन्शनला अर्ज केला, की म्हातारपणाचा विमा सहा महिने मागे नेऊन लावतात. पुस्तकात आहे. मी तुला वाचून दाखवलं होतं."

"कधी?"

"तू गळ साफ करत होतास. म्हणालास, मेडिकेअर तुझं, कर माझा."

डेल्मरच्या तोंडचं पाणी पळालं. म्हातारपणाचा हा सरकारी विमा, मेडिकेअर, सुरू झाला की त्या महिन्यापासून आरोग्य खात्यात एक दमडी भरायचा हक्क राहत नाही, हे त्याला पाठ होतं. वाचनालयात तो ते सगळ्यांना बजावून सांगायचा. आणि इथे त्याचाच विमा त्याच्या पाठीमागे गुपचूप फेब्रुवारीपर्यंत सरकून बसला होता. म्हणजे जानेवारीत ताठ मानेनं लिहिलेल्या त्या चेकमधला एकाच महिन्याचा वाटा कायदेशीर. बाकीचे साडेचार हजारांहून जास्त डॉलर म्हणजे जास्तीचा भरणा. एप्रिलच्या मध्यापर्यंत ते काढून घेतले नाहीत तर त्यावर सहा टक्के दंड, आणि तोही दरसाल.

"मग काढून घे की," आर्लिस म्हणाली. "बँक काय लांब आहे?"

"बँकेत जाऊन सांगावं लागेल."

"काय सांगावं लागेल?"

"की जास्त भरले."

"मग सांग."

"मी सांगू? मी?" डेल्मर म्हणाला. आर्लिसनं कॉफीचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि रेडिओ पुन्हा लावला.

बँकेत काउंटरवर कायला होती. पोरगी गुणी, पण चर्चच्या गायकवृंदात वरच्या पट्टीत गायची आणि बोलायचीही त्याच पट्टीत. डेल्मरनं मागे वळून पाहिलं तेव्हा आत कुणी नव्हतं. त्यानं रकमेचा कागद पुढे सरकवला तोवर दार वाजलं आणि रांगेत व्हर्ना स्कोगन उभी राहिली. चर्चमध्ये कुणासाठी प्रार्थना करायची हे फोन करून गावाला कळवायचं काम तिच्याकडे होतं आणि ते ती फार तत्परतेनं करायची. तिच्या मागे ऑर्व्हिल ब्रेके. डेल्मरची एकदा तरी चूक सापडावी म्हणून या माणसानं जणू नवस बोललेला होता.

"आरोग्य खात्यातून काढायचेत ना, मिस्टर टॉस्टरूड?" कायलानं खणखणीत विचारलं. "कारण काय लिहू? उपचारांसाठी, की तुम्ही जास्त भ—"

"उपचार," डेल्मर म्हणाला.

कायलाची बोटं थांबली. तिनं रक्कम पुन्हा एकदा पाहिली आणि पट्टी एकदम खाली आणली. "बरं," ती कुजबुजली. "लगेच करते."

पैसे घेऊन तो वळला तर व्हर्नाचा हात त्याच्या बाहीवर पडला.

"कधी कळलं, डेल्मर?"

"आज सकाळीच," डेल्मर म्हणाला. खोटं बोलायची सवय नसल्यानं तो जमेल तितकं खरं बोलत होता.

"काही करता येण्यासारखं आहे?"

"एप्रिलच्या मध्यापर्यंत वेळ आहे."

व्हर्नानं तोंडावर हात धरला. ऑर्व्हिलनं डोक्यावरची टोपी काढली. ऑर्व्हिल टोपी काढतो हे गावानं यापूर्वी फक्त दफनाच्या वेळी पाहिलं होतं.

दुपारी पहिलं हॉटडिश आलं. आमच्याकडे माणूस आजारी पडला की शेजारी बोलत बसत नाहीत, काचेच्या खोलगट भांड्यात खिमा आणि डब्यातलं मश्रूमचं सूप घालतात, वर बटाट्याच्या गोळ्या रचतात, भट्टीत भाजतात आणि दारात आणून देतात. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव असतं, म्हणजे ते नंतर धुऊन परत करता येतं. संध्याकाळपर्यंत आर्लिसच्या ओट्यावर निम्म्या गावाची नावं उलटी पडली होती.

"डेल्मर," आर्लिसनं बाहेरच्या खोलीत येऊन विचारलं, "तुला कसला आजार झालाय? मला विचारतायत सगळे. मी म्हटलं, मला सांगितलं नाही अजून."

डेल्मरनं सगळं सांगितलं. आर्लिस आधी खुर्चीवर बसली, मग हसायला लागली, आणि इतकी हसली की तिला डोळे पुसायला ओट्यावरचं फडकं आणावं लागलं. हसून झाल्यावर ती गंभीर झाली. "जा आणि सांगून टाक. लोकांना वाटतंय तू मरतोयस."

"थोडे दिवस वाटू दे. पंधरा एप्रिलनंतर बरा होतो."

"चुकलो म्हणण्यापेक्षा मेलेलं चालेल तुला?"

डेल्मरनं यावर जरा विचार केला. "पूर्ण मेलेलं नाही," तो म्हणाला.

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाईंनी आजाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव घेतलं. धडधाकट माणसाला एवढ्या लोकांसमोर थोडंसंच आजारी दिसणं फार अवघड जातं. तो खोकला, तर पुढच्या बाकावरची बाई रडायला लागली. मग तो खोकलाही नाही. बाहेर पडताना ज्यानं त्यानं त्याचा हात हातात घेतला, आणि हॅलिंग लेकमध्ये लोक लग्नातसुद्धा इतका वेळ कुणाचा हात धरत नाहीत.

मंगळवारी तो वाचनालयात गेला तर त्याच्या खुर्चीत जनेल बसलेली. निवृत्त शिक्षिका, त्यानंच शिकवून तयार केलेली. "तू घरी जा, डेल्मर," ती म्हणाली. "आम्ही सांभाळतो. तू विश्रांती घे." तिच्या हाताशी खोडरबर होतं. डेल्मर बाहेर गाडीत बसून बराच वेळ खिडकीतून आपल्या टेबलाकडे बघत राहिला. लोक येत होते, कागद देत होते, घेत होते. त्याच्यावाचून सगळं चाललं होतं, आणि हे दुखणं मात्र त्याला खरोखर जाणवलं.

म्हणून त्यानं ठरवलं की हे प्रकरण मुकाट्यानं मिटवून टाकायचं. उपचार म्हणून काढलेले पैसे परत भरायचे, मग तेच जास्तीचा भरणा म्हणून रीतसर काढायचे. बँक बंद व्हायच्या जरा आधी, आत चिटपाखरू नाही असं बघून तो काउंटरवर गेला.

"तुम्हाला कळलं वाटतं," कायला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "शुक्रवारी सांगणार होते ते. धान्याच्या कोठारावरची सगळी मंडळी आली होती. सहाशे डॉलर भरले तुमच्या आरोग्य खात्यात."

"माझ्या खात्यात?"

"कुणाच्याही आरोग्य खात्यात कुणीही भरू शकतं, हे तुम्हीच त्यांना शिकवलं होतं म्हणे. करही वाचतो. तुम्ही खूश व्हाल म्हणाले." तिनं नाक पुसलं. "आणि शुक्रवारी चर्चच्या तळघरात तुमच्यासाठी पॅनकेकची पंगत आहे. तिथे जमतील तेही सगळे इथेच भरायचेत."

डेल्मरनं काउंटरची कड घट्ट धरली. गेल्या वर्षी निदान एका महिन्याचा तरी हक्क होता. यंदा एका सेंटचाही नव्हता. म्हणजे कोठारवाल्यांचे सहाशेच्या सहाशे जास्तीचे, आणि शुक्रवारी सारं गाव बसून जे पॅनकेक खाणार त्यातल्या प्रत्येक पॅनकेकवर सहा टक्के दंड. हे सगळं सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण समोर ही पोरगी त्याच्यासाठी रडत होती. त्यानं तिच्या हातावर थोपटलं आणि काहीच न करता घरी आला.

"अजून वाढले," त्यानं आर्लिसला सांगितलं.

"हॉटडिश?"

"भरणा."

शुक्रवारी तळघर खचाखच भरलं. दारात दुधाचा जुना कॅन ठेवला होता, ज्याला जे द्यायचं ते त्यानं त्यात टाकायचं. वर डेल्मरचा मासा धरलेला फोटो. त्याला आणि आर्लिसला अगदी पुढे बसवलं होतं, तिथून दार समोरच दिसत होतं. आणि तिथेच घोटाळा झाला, कारण या गावातल्या माणसांची मिळकत डेल्मरला सेंटपर्यंत माहीत होती. म्हातारी इर्मा काठी टेकत आली. तिचं पेन्शन किती, घर तापवायला तेल किती जळतं, औषधांना किती जातात, हे सगळं त्यानं दरसाल आपल्या हातानं लिहिलं होतं. तिनं पाकिटातून वीस डॉलरची नोट काढली, चार घड्या घातल्या, कुणाला दिसू नये अशी कॅनमध्ये टाकली, आणि त्याच्याकडे बघून हसली.

डेल्मरनं काटा खाली ठेवला. लाज काय असते ते आपल्याला कळलंय असं त्याला आठवडाभर वाटत होतं. खरी लाज ही होती. तो उठला आणि त्यानं पाद्रीबाईंच्या हातातला माइक घेतला.

"मी आजारी नाही," तो म्हणाला.

तळघरात टाळ्या पडल्या. "बघा कसा धीराचा आहे," व्हर्ना शेजारणीला म्हणाली.

"धीर नाही. मी खरंच आजारी नाही. मी कर भरताना चुकलोय. आरोग्य खात्यात जास्त पैसे भरले, ते काढायला गेलो होतो. उपचार म्हणालो ते खोटं बोललो."

मग मागच्या टेबलावरून ऑर्व्हिल ब्रेके उठला.

"खाली बस, डेल्मर," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा घोगरा झाला होता. "आजवर मी तुला पुष्कळ बोललो. पण आमचे पैसे वाचावेत म्हणून तू चुकलास असं सांगायला लागलास, ते मी ऐकून घेणार नाही. डेल्मर टॉस्टरूड कर भरताना चुकत नसतो. मला ते आवडत नाही, पण खरं आहे ते."

"खरं आहे," लोक म्हणाले. कुणीतरी उठून कॅनमध्ये आणखी एक नोट टाकली.

हे वाक्य, आणि तेही ऑर्व्हिलच्या तोंडून, चार माणसांत! सबंध जन्मात डेल्मरला याहून जास्त काही नको होतं. तो क्षणभर तसाच उभा राहिला. खरं सांगायचं तर त्याला फार बरं वाटलं. मग त्यानं इर्माकडे पाहिलं, माइक टेबलावर ठेवला आणि कोपऱ्यातला रविवारच्या शाळेचा पांढरा फळा ओढत पुढे आणला. फळ्यावर मुलांनी नोहाचं जहाज काढलं होतं. त्यानं जिराफापर्यंत पुसलं आणि लिहायला सुरुवात केली.

"हा जानेवारी. इथे मी चेक लिहिला. हा ऑगस्ट. इथे पेन्शनचा अर्ज केला. आता बघा, सरकार काय करतं." त्यानं ऑगस्टपासून उलट्या दिशेनं एक मोठा बाण काढला. "विमा सहा महिने मागे. फेब्रुवारीत. म्हणजे इथून पुढचं सगळं माझं जास्तीचं. दिसतंय?"

"पण तू चुकणार कसा?" व्हर्ना म्हणाली.

"पुस्तक वाचलं नाही म्हणून. बायको वाचून दाखवत होती, तेव्हा ऐकलं नाही म्हणून." त्याचा आवाज चढत गेला. आठवडाभर लपवलेली गोष्ट आता कुणी आपली मानायलाच तयार नाही, हे त्याला सहन होईना. "चूक माझी आहे. सबंध माझी. सरकारचा, बँकेचा, कुणाचा हिच्यात वाटा नाही. आणि लहानसहान नाही, साडेचार हजारांच्या वरची आहे."

त्यानं इतकं नीट, इतकं मुद्देसूद समजावून सांगितलं की विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. लोक आधी फळ्याकडे, मग त्याच्याकडे, मग आपापल्या पॅनकेककडे बघायला लागले. ऑर्व्हिल अजून उभाच होता.

"अर्ज केला की विमा मागे जातो?" त्यानं हळूच विचारलं. "कुणाचाही?"

"पासष्टी उलटलेल्या कुणाचाही."

"मी नोव्हेंबरात केला."

"आणि खात्यात भरलेस?"

"पूर्ण."

आणखी एका टेबलावर एक काटा खाली ठेवला गेला. मग व्हर्ना म्हणाली, "मी सप्टेंबरात."

"अगं, मग मला विचारलं का नाही?" डेल्मर म्हणाला. "मी तिथे वाचनालयात बसलेला असतो ना?"

व्हर्नानं ऑर्व्हिलकडे पाहिलं, ऑर्व्हिलनं बुटांकडे. "तुझ्यापुढे चूक घेऊन कोण येणार?" तो म्हणाला. "तुझी कधी होत नाही. मी आपला पलीकडच्या गावात जाऊन पैसे देऊन भरून घेतो."

"मीही," व्हर्ना म्हणाली. आणि मग इकडून तिकडून माना हलल्या, डेल्मरला मोजवेनात इतक्या.

गाव आपल्याकडे येतं याचा त्याला केवढा अभिमान. आणि चुका असलेलं अर्धं गाव बर्फातून गाडी हाकत पलीकडे जात होतं. त्याला हे फार लागलं.

"किती घेतो तो पलीकडचा?" त्यानं विचारलं.

"दोनशे."

"दोनशे? आणि त्यानं हे धरलंही नाही?" डेल्मरनं एक खुर्ची ओढली आणि फळ्याखाली मांडली. "या. ऑर्व्हिल, तू आधी बस. बँकेत गेल्यावर काय म्हणायचं ते सांगतो. मोठ्यानं म्हणायचं, जास्त भरले, परत हवेत. मागे कोण उभं आहे ते बघायचं नाही."

पॅनकेक थंड झाले तरी फळ्याखालची रांग हलत नव्हती. कॅनमधल्या पैशांचं काय करायचं हे पाद्रीबाईंनी विचारलं. इर्मानं आपली नोट परत घ्यायला साफ नकार दिला, पॅनकेक खाल्लाय म्हणाली. मग ते सगळे गावच्या रुग्णवाहिकेला द्यायचं ठरलं.

सोमवारी बँक उघडली तेव्हा डेल्मर दारात उभा होता. बरोबर आर्लिस, धुतलेल्या काचेच्या भांड्यांची थप्पी घेऊन, कारण तिथे सगळ्या मालकिणी एकाच रांगेत भेटणार होत्या. डेल्मर काउंटरवर गेला. आधी उपचारांचे पैसे परत भरले. मग कायलानं दबकत विचारलं, "कारण?"

"जास्त भरले," डेल्मर सुट्या भागांच्या काउंटरवरच्या आवाजात म्हणाला. "गेल्या वर्षीचे माझे, यंदाचे कोठारवाल्यांचे. सगळे काढ, त्यावर जे व्याज झालं तेही काढ. चूक माझी."

कायलानं रक्कम मोठ्यानं वाचली. रांगेतून कौतुकाचा एक बारीक आवाज आला. आर्लिस भिंतीशी उभी होती. इतकी वर्षं या माणसाचा एकही कागद परत आला नाही याचं गावाला अप्रूप होतं, तिला कधीच नव्हतं. आज मात्र भांड्यांच्या थप्पीआडून त्याच्याकडे बघताना तिचा ऊर भरून आला. "माझा नवरा आहे," तिनं शेजारच्या बाईला सांगितलं. ती बाई तिला तीस वर्षं ओळखत होती.

डेल्मर बाजूला झाला, पण गेला नाही. पावती घडी करत उभा राहिला. ऑर्व्हिल पुढे आला आणि खाली मान घालून पुटपुटला, "जास्त भरले."

"तुमच्या विम्यात तुमची बायकोही आहे ना?" कायलानं टाइप करत विचारलं. "म्हणजे मर्यादा मोठी होती. मिस्टर ब्रेके, तुमचे जास्तीचे होतात सहा हजार दोनशे."

डेल्मरचे हात पावतीवर थांबले. त्याचा चेहरा जरासा उतरला. ऑर्व्हिलनं ते पाहिलं, आणि हळूहळू त्याची मान वर आली, खांदे मागे गेले, टोपी सरळ झाली.

"आकडा परत एकदा सांग, कायला," तो म्हणाला. "डेल्मरला नीट ऐकू आलं नसेल."